मुंबईच्या कॉमिक कॉनला पाच मित्रांनी जाताना: एकत्र फिरावे की वेगवेगळे?

कोथरूडकर

नमस्कार. मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सच्या मोठ्या मेळाव्याला, यंदा जायचेच, असे आम्हा महाविद्यालयातील जुन्या मित्रांचे ठरले आहे. शनिवारची तिकिटे काढून झाली आहेत, ठिकाण गोरेगाव पूर्वेचे नेस्कोचे प्रदर्शन केंद्र आहे आणि सकाळी डेक्कन क्वीनने निघून दादरला उतरायचे, इथपर्यंत एकमत झाले. त्यापुढे मात्र गाडी अडली आहे, कारण पाच जणांना पाच वेगळ्या गोष्टी हव्या आहेत.

एकाला आवडत्या पात्राचा वेश करून यायचे आहे आणि अशा वेशांच्या, म्हणजे कॉसप्लेच्या, स्पर्धेसाठी मंचावर जायचे आहे. दुसरा इंद्रजाल कॉमिक्सचा संग्राहक आहे. मराठी वेताळाचे, म्हणजे फँटमचे, बरेच अंक त्याच्याकडे आहेत आणि उरलेले तिथे नक्की मिळतील, असे तो गृहीत धरून चालला आहे. एक मैत्रीण आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन येणार आहे आणि त्या मुलीला अॅनिमेपुढे, म्हणजे जपानी कार्टूनपुढे, दुसरे काही दिसत नाही. चौथ्याला कॉमिक्समध्ये काडीचाही रस नाही, तो केवळ आमच्या सोबतीसाठी येतो आहे. मला स्वतःला स्वतंत्रपणे कॉमिक्स काढणाऱ्या भारतीय चित्रकारांना भेटायचे आहे आणि त्यांच्याकडूनच पुस्तके विकत घ्यायची आहेत.

सगळ्यांनी मिळून फिरायचे म्हटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला दुसऱ्याची वाट पाहणेच येईल, असे मला वाटते. आणि वेगवेगळे फिरायचे, तर एकत्र जाण्याला अर्थ काय, असे संग्राहक मित्राचे म्हणणे आहे. जे आधी जाऊन आले आहेत, त्यांनी दिवसाची आखणी कशी करावी ते कृपया सांगावे. वेश घालून लोकलने जाता येईल का, पैसे रोख न्यावेत का आणि एक दिवस पुरतो का, हेही समजले तर बरे होईल.

रंगपेटी

कोथरूडकर, मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहिते आहे, म्हणजे अशा मेळाव्यांत चित्रे आणि छोटी कॉमिक्स घेऊन विकायला बसणाऱ्यांपैकी मी एक आहे. आमच्यापुढून दिवसभर जे घोळके जातात, ते पाहून माझे मत ठाम झाले आहे: पाच जणांनी एकत्र फिरू नये. घोळक्यातला एक जण टेबलाशी थांबतो, पुस्तक उघडतो, दोन पाने वाचतो, आणि तेवढ्यात पुढे गेलेल्यांपैकी कोणीतरी हाक मारतो; मग तो ‘परत येतो’ असे सांगून पुस्तक खाली ठेवतो. त्यांतले फार थोडे परत येतात, आणि येतात तेव्हा बहुधा संध्याकाळ झालेली असते आणि हवी ती प्रत संपलेली असते.

आखणी करण्याआधी सभागृहात काय काय असते, ते समजून घ्या. मोठ्या कंपन्यांचे, चित्रपटांचे आणि गेमिंगचे भव्य स्टॉल असतात. तिथे फोटो काढायला आणि फुकटच्या वस्तू मिळवायला रांगा लागतात. टी-शर्ट, कीचेन, बाहुल्या आणि पोस्टर विकणारे असंख्य दुकानदार असतात. मंचावर दिवसभर काही ना काही चालू असते. आणि या सगळ्या गदारोळात प्रकाशकांचे स्टॉल आणि आम्हा चित्रकारांची टेबले असतात. नावात ‘कॉमिक’ असले, तरी पहिल्यांदा आलेल्या माणसाला कॉमिक्स शोधावी लागतात, ही माझी जुनी तक्रार आहे. त्यामुळे तुमचे जे काम आहे ते सकाळीच उरका. दारे साधारणपणे अकराच्या सुमारास उघडतात आणि त्यानंतरचा पहिला दीड तास आम्हाला बोलायला खरी उसंत असते. दुपारी तीननंतर गर्दीमुळे आमचे आम्हालाच ऐकू येत नाही.

कोणाकडे जावे, असे विचाराल तर यादी मोठी होईल. मुंबईचे अभिजीत किणी यांचे टेबल आमच्या मेळाव्यांत जुने आणि ओळखीचे आहे. त्यांच्या ‘अँग्री मौशी’ या कॉमिकमधली मौशी मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. ‘होली काऊ’ आणि ‘याली ड्रीम क्रिएशन्स’ यांच्यासारखे भारतीय प्रकाशकही या मेळाव्यांत दिसत आले आहेत. पण तुम्ही नाव न ऐकलेल्या टेबलांपाशी जास्त वेळ थांबावे, असे मी सुचवीन, कारण त्यांची पुस्तके दुकानांत येतच नाहीत. दोनशे-तीनशे प्रती स्वतःच्या खर्चाने छापायच्या, टेबलाचे भाडे भरायचे आणि दोन दिवसांत दोन्ही वसूल करायचे, असा तो हिशेब असतो. त्यामुळे तिथे घासाघीस करू नये, एवढी विनंती आहे.

स्वतःसाठी चित्र काढून घ्यायचे असेल, तर आल्याबरोबर नाव नोंदवा, ज्या पात्राचे चित्र हवे त्याचा फोटो मोबाइलवर तयार ठेवा आणि दुपारी चित्र घ्यायला या. समोर उभे राहून काढून घेण्यात मजा आहे खरी, पण आमच्या मागे रांग खोळंबते. चित्र हातात पडल्यावर लगेच गुंडाळू नका. ब्रशपेनची शाई गुळगुळीत कागदावर सुकायला वेळ घेते आणि घाईने गुंडाळलेल्या चित्रात नाकाची रेघ कपाळाला जाऊन चिकटते. पोस्टर ठेवण्याची नळी पुण्याहूनच घेऊन या. पैसे काही प्रमाणात रोख आणि सुटे आणा. हजारो मोबाइल एका छताखाली आले की नेटवर्क मान टाकते आणि यूपीआयचे चक्र फिरत राहते.

राहता राहिला तुमच्या संग्राहक मित्राचा प्रश्न. ‘एकत्र जाणे’ म्हणजे दिवसभर खांद्याला खांदा लावून चालणे नव्हे. दुपारी एक आणि संध्याकाळी पाच अशा भेटीच्या दोन वेळा ठरवा आणि भेटीची जागा सभागृहाच्या बाहेर ठेवा, कारण आत ‘त्या मोठ्या पुतळ्यापाशी’ असे म्हणणारे आणखी शंभर जण असतात.

फोम_आणि_फेव्हिकॉल

वेशाविषयी मी सांगतो, कारण अशी कवचे करण्यात माझ्या अनेक रात्री गेल्या आहेत.

मित्राने अजून काम सुरू केले नसेल, तर त्याला कालच सुरू करायला सांगा. कवच, शिरस्त्राण, तलवार असे जे काही असेल ते ईव्हीए फोमचे करावे. पुण्यात त्याच्या शीट बोहरी आळीत चौकशी केल्यास मिळतात. जोडण्यासाठी रबरी चिकटद्रव्य वापरावे, म्हणजे फेव्हिकॉल एसआर किंवा त्या जातीचे कोणतेही. नवखे लोक एका बाजूला लावून लगेच दाबतात आणि मग ‘चिकटतच नाही’ म्हणून त्रासतात. दोन्ही कडांना पातळ थर द्यायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत काही मिनिटे सुकू द्यायचा आणि मगच कडा जुळवायच्या. एकदा टेकल्या की त्या पुन्हा हलत नाहीत, म्हणून आधी पेन्सिलीने खुणा करून घ्यायच्या. रंग देण्यापूर्वी हीट गनने फोमचा पृष्ठभाग तापवून बंद करून घ्यावा, नाहीतर फोम रंग पीत राहतो आणि कोपर वाकवताच भेगा पडतात. हे काम गच्चीवर किंवा खिडक्या उघड्या ठेवूनच करावे. त्या चिकटद्रव्याच्या वासाने डोके भणभणते.

प्रॉपच्या, म्हणजे वेशाबरोबर हातात धरायच्या वस्तूंच्या, बाबतीत नियम कडक असतात आणि ते असायलाच हवेत. धातूचे पाते, खरी वाटणारी बंदूक, टोकदार काठी असे काही असेल तर दारावरच ठेवून घेतले जाते. त्या वर्षीचे नियम आयोजकांच्या संकेतस्थळावर येतात. ते वाचूनच प्रॉप करायला घ्यावा. स्पर्धेची नोंदणी, तिचे गट आणि मंचावर जाण्याची वेळ हेही तिथेच पाहावे. वेगवेगळ्या शहरांत होणाऱ्या या स्पर्धा ‘इंडियन चॅम्पियनशिप ऑफ कॉसप्ले’च्या नावाखाली होत आल्या आहेत, त्यामुळे समोर गंमत म्हणून आलेले जसे असतात तसे वर्षभर तयारी करणारेही असतात. परीक्षक जवळून पाहतात आणि ‘हे तुम्ही कसे केले’ असे विचारतात. काम चालू असतानाचे फोटो काढून ठेवले, तर उत्तर देणे सोपे जाते.

लोकलने वेश घालून येण्याचा विचार मनातून काढून टाका. डेक्कन क्वीनमध्ये बसायला जागा असली तरी दादरच्या पुलावर शनिवारी सकाळी खांद्यावरच्या कवचाचे काय होईल, ते मी सांगायला नको. सुटे भाग मोठ्या पिशवीत भरून आणा, दादरला पश्चिमेकडच्या फलाटांवर जाऊन धिमी लोकल पकडा आणि राम मंदिर स्थानकात उतरा. जलद गाड्या तिथे थांबत नाहीत. स्थानकाच्या पूर्वेकडून नेस्को चालत जाण्याजोगे आहे. वेश तिथे पोहोचल्यावरच चढवा. पिशवीत सेफ्टी पिना, फेव्हिक्विक, दुहेरी चिकटपट्टी, कात्री असली तर ती गोलाकार टोकाची, आणि पाण्याची बाटली असू द्या.

आणि तुमच्या चौथ्या मित्राला, ज्याला कशातच रस नाही, त्याला माझ्या मते या मोहिमेतील सर्वांत महत्त्वाचे काम देता येईल. शिरस्त्राण घातलेल्या माणसाला खालचे दिसत नाही, हातमोजे घातलेल्याला मोबाइल चालवता येत नाही आणि पाच फुटी पंख लावलेल्याला बसता येत नाही. पाणी देणारा, बॅग सांभाळणारा आणि फोटो मागणाऱ्यांना वाटेतून बाजूला घेणारा एक माणूस बरोबर असेल, तरच कॉसप्ले करणाऱ्याचा दिवस निभावतो. तेव्हा हे दोघे दिवसभर एकत्रच राहतील, हे गृहीत धरा.

जुना_वाचक

आपल्या संग्राहक मित्राचा उत्साह मला समजतो, परंतु त्याची निराशा होऊ नये म्हणून लिहितो. इंद्रजालचे अंक १९६४ ते १९९० या काळात निघाले, ते मराठीतही निघत असत, आणि आज त्यांतले चांगल्या स्थितीतले मराठी अंक मिळवणे इंग्रजी अंकांपेक्षा कठीण झाले आहे, कारण आपल्याकडे ते वाचून झाल्यावर रद्दीत गेले. कॉमिक कॉन हा मुख्यतः नव्या मालाचा बाजार आहे. जुन्या अंकांचा एखादा विक्रेता तिथे भेटतोही, पण त्याच्याकडे मराठी वेताळ असेलच, या भरवशावर पुण्याहून येऊ नये. त्याऐवजी मुंबईत आलाच आहात, तर माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या पदपथावरील पुस्तकवाल्यांकडे आणि फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या बाजूला एक फेरी मारावी. तिथेही नशिबाचाच भाग आहे, पण निदान ढिगाऱ्यात हात घालता येतो.

तरीही त्याने कॉमिक कॉनला यावे, असे मला वाटते, आणि त्याचे कारण वेगळे आहे. जुन्या अंकांचे वेड असणारी माणसे तिथे एकमेकांना शोधून काढतात. त्याने आपल्याकडे नसलेल्या अंकांची यादी क्रमांकानुसार लिहून खिशात ठेवावी आणि दुबार प्रतींचे फोटो मोबाइलवर ठेवावेत. प्रत्यक्ष अंक मात्र गर्दीत मिरवू नयेत. मला अशी अदलाबदल करणारी मंडळी अमर चित्र कथेच्या स्टॉलच्या आसपास भेटली आहेत, कारण जुने वाचक आपसूक तिकडे वळतात.

तिथे उभे राहिल्यावर एका गोष्टीची आठवण आपल्या मित्रांना जरूर करून द्यावी. आपण ज्यांना ‘भारतीय कॉमिक्स’ म्हणतो, त्यांची रेघ मोठ्या प्रमाणात आपल्याच चित्रकारांनी काढलेली आहे. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या अमर चित्र कथेत ‘कृष्ण’ हा अंक राम वाईरकरांनी रेखाटला आणि ‘टिंकल’ या मुलांच्या मासिकातला सुपंडीही त्यांच्याच हातून उतरला. त्याच मासिकातल्या शिकारी शंभूला त्याची डोळे झाकणारी टोपी वसंत हळबे यांनी घातली. पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी अमर चित्र कथेसाठी पौराणिक आणि ऐतिहासिक अंक तर काढलेच, शिवाय १९८६ मध्ये राज कॉमिक्सचा सुपरहिरो नागराज अवतरला तेव्हाचे सुरुवातीचे अंकही त्यांनीच चितारले. इतके असूनही या मेळाव्यात मराठीतून छापलेले नवे कॉमिक शोधायला गेले तर हाती फारसे लागत नाही. चित्रकार मराठी, पात्रे मुंबईची, पण फुग्यांतले संवाद इंग्रजी. आपण टेबलांवर चौकशी करणारच आहात, तर ‘मराठीत आहे का’ हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारावा. मी विचारतो.

सॅन_होजेकर

मी कॅलिफोर्नियात राहतो आणि आमचा मित्रांचा गट सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनला जातो, त्यामुळे थोडा वेगळा सूर लावतो.

सॅन डिएगोचा मेळावा १९७० मध्ये एका हॉटेलात तीनेकशे लोकांनिशी सुरू झाला आणि आज तिथे १,३०,००० च्या वर माणसे येतात. तिथे जाण्याचा निम्मा खटाटोप तिकिटासाठी असतो. अनेक महिने आधी एका ठरलेल्या सकाळी सगळे जण संगणकापुढे बसतात, आत कोणाचा नंबर लागेल ते दैवावर असते, आणि एका खात्यातून स्वतःखेरीज आणखी दोघांचेच पास घेता येतात. त्यामुळे सहा जणांच्या गटाला निदान दोघांचे नशीब उघडावे लागते. पासवर नाव छापलेले असते, तो दुसऱ्याला देता येत नाही. इतके करून आत गेल्यावर हॉल एच नावाच्या साडेसहा हजार आसनांच्या सभागृहात शिरायचे असेल, तर लोक आदल्या रात्रीपासून रांगेत झोपतात. दोन कार्यक्रमांच्या मध्ये ते सभागृह रिकामे करत नाहीत, म्हणून दुपारचा कार्यक्रम हवा असलेला माणूस सकाळपासून नको असलेले कार्यक्रम पाहत बसून राहतो.

हे सांगण्याचे कारण असे, की तिथे गट फुटणे अटळ असते. रांगच तुम्हाला वेगळे करते आणि एकदा वेगळे झालात की पुन्हा भेट रात्री जेवायलाच. मुंबईचा मेळावा मी भारतात आलो असताना पाहिला आहे. दिल्ली हाटात २०११ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या या भारतीय मेळाव्याचा आवाका अजून असा आहे, की एका दिवसात संपूर्ण सभागृह पायाखाली घालता येते, आणि मंच त्याच सभागृहात असल्यामुळे आसनासाठी रात्र काढावी लागत नाही. ही सवलत तुम्ही हातची का घालवता? रंगपेटी यांच्या मताचा आदर राखून मी म्हणेन, की पहिली एक फेरी सहाही जणांनी मिळून मारावी; काहीही विकत न घेता, कुठेही रांगेत न थांबता, केवळ पाहत. त्या फेरीत संग्राहकाला कळेल की मंगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, उजवीकडून डावीकडे वाचतात, त्या छोट्या मुलीला कळेल की वेताळ नावाचा कोणी होता, आणि ज्याला रस नाही त्याला कशात तरी रस वाटण्याची थोडी तरी शक्यता निर्माण होईल. मित्रांबरोबर जाण्याचा हाच तर फायदा आहे. त्यानंतर खुशाल चार दिशांना पांगा.

रंगपेटी

सॅन_होजेकर, काहीही विकत न घेता सहा माणसे पहिल्या तासात टेबलांपुढून निघून गेली, तर आमच्या पोटात गोळा येतो, हेही लक्षात घ्यावे. पण मुद्दा मान्य आहे. फेरी अर्ध्या तासात आटोपत असेल तर जरूर मारावी. तेवढ्या वेळात कोथरूडकरांनी माझ्यासारख्या एखाद्या टेबलावर चित्रासाठी नाव मात्र नोंदवून ठेवावे.

कोथरूडकर

सर्वांचे मनापासून आभार. चौथ्या मित्राला ‘कवचरक्षक’ हे पद बहाल केले असून त्याने ते आश्चर्यकारक आनंदाने स्वीकारले आहे. संग्राहक मित्राने यादी करायला घेतली आहे; रविवारी सकाळी माटुंग्याला जाता यावे म्हणून तो आणि मी शनिवारी रात्री दादरला माझ्या मावशीकडे राहू आणि बाकीचे शिवनेरीने पुण्याला परततील. त्यामुळे कॉनसाठी एकच दिवस पुरवायचा, असे ठरले आहे.

एकच शंका उरली आहे. नऊ वर्षांच्या मुलीला एवढ्या गर्दीत आणि आवाजात सांभाळणे कितपत जमेल? तिची आई थोडी काळजीत आहे.

दोन_पोरांची_आई

जमते, पण शेवटपर्यंत थांबण्याचा आईचा हट्ट बाजूला ठेवावा लागतो. मुलीच्या मनगटावर आईचा मोबाइल क्रमांक पेनने लिहून ठेवा. गर्दीत मूल चुकले तर ते स्वतःचे नाव सांगते आणि आईचा क्रमांक विसरते. मंचाजवळच्या ध्वनिक्षेपकांपासून दूर उभे राहा. तिला खर्चासाठी ठरावीक रक्कम एका छोट्या पाकिटात द्या आणि ती संपली की संपली, हे घरूनच बजावून निघा, कारण अॅनिमेच्या कीचेनचे स्टॉल पावलोपावली असतात आणि प्रत्येक ठिकाणी तेच पात्र थोड्या वेगळ्या रंगात टांगलेले असते. गेल्या काही वर्षांत तिकिटाबरोबर एक कॉमिकही देतात. ते मुलांसाठी योग्य आहे का, हे हाती देण्याआधी चाळून पाहा.

वेश केलेल्या कोणाबरोबर तिला फोटो काढायचा असेल, तर आधी विचारायला शिकवा, आणि शिरस्त्राणातून उत्तर ऐकू आले नाही तर मान हलण्याची वाट पाहायला सांगा. मुलांनी स्वतः विचारले की सहसा कोणी नाही म्हणत नाही. साधारण चारच्या सुमारास मुले थकून रडकुंडीला येतात, तेव्हा तुमची पाचची भेट या दोघींसाठी तरी साडेतीनला आणा आणि त्यांना अंधार पडण्याआधीच्या शिवनेरीत बसवून द्या.